असाकुसा : पायी पाहावे, थांबून खावे

टोकियोतले सर्वांत जुने देऊळ म्हणून असाकुसाच्या सेन्सोजीला मान आहे. त्याच्या स्थापनेची कथा इसवी सन 628 पर्यंत मागे जाते. पण आज तिथे उभे असलेले मुख्य मंदिर 1958 मध्ये बांधलेले आहे, तेही काँक्रीटचे. त्यासमोरचे होझोमोन हे महाद्वार 1964 चे, पाच मजली पॅगोडा 1973 चा आणि ज्याच्यासमोर प्रत्येक प्रवासी फोटो काढतो ते लाल कंदिलाचे कामिनारीमोन 1960 चे. हे कळल्यावर काहींचा हिरमोड होतो. होऊ नये. इथल्या इमारती पुन्हा पुन्हा जळाल्या, तरी देवदर्शनाची रीत, सणांच्या तारखा आणि वाटेवरचे खाणे पिढ्यान्‌पिढ्या चालत राहिले. असाकुसाचे जुनेपण पाहायचे तर ते इथेच पाहावे लागते. त्यासाठी पायी हिंडावे आणि ठिकठिकाणी थांबून खावे, यापरता चांगला मार्ग नाही.

जाळ्यात सापडलेला देव

सुमिदा नदीच्या काठी हिनोकुमा हामानारी आणि ताकेनारी हे दोन कोळी भाऊ मासे धरत होते. जाळ्यात मासळीऐवजी एक छोटी मूर्ती आली. गावचा मुखिया हाजी नो नाकातोमो याने ती ओळखली आणि आपल्या घराचेच देऊळ केले, अशी सेन्सोजीची मूळ कथा आहे. मूर्ती होती कन्नोनची. कन्नोन म्हणजे आपला अवलोकितेश्वर. अजिंठा, वेरूळ आणि कान्हेरीच्या लेण्यांत जो करुणामूर्ती बोधिसत्त्व कोरलेला आहे, तोच चीन-कोरियामार्गे जपानला पोहोचला. सेन्सोजीतली मूळ मूर्ती मात्र कोणाच्याच नजरेस पडत नाही. परंपरेनुसार 645 मध्ये शोकाई नावाच्या भिक्षूने मंदिर बांधले आणि मूर्ती कायमची झाकून ठेवली. तेव्हापासून भाविक न दिसणाऱ्या देवापुढे हात जोडत आले आहेत.

देवस्थान वाढले तशी भोवतीची वस्ती वाढली. सतराव्या शतकात तोकुगावा शोगुनांनी एदोला, म्हणजे आजच्या टोकियोला, आपली राजधानी केले. त्यांची तांदळाची सरकारी कोठारे असाकुसाच्या दक्षिणेला, नदीकाठच्या कुरामाए इथे होती. सामुराईंना पगार तांदळात मिळे आणि तो तांदूळ विकून रोकड करून देणारे दलाल गबर झाले. हा पैसा खर्च व्हायला जागाही जवळच होत्या. 1657 च्या भीषण आगीनंतर योशिवारा ही कलावंतिणींची वस्ती असाकुसाच्या उत्तरेला हलवण्यात आली. 1840 च्या दशकात सरकारच्या हुकुमावरून काबुकीची नाट्यगृहेही इथेच आली. देवदर्शन, व्यापार आणि करमणूक एका जागी जमली की खाण्याची दुकाने आपोआप उभी राहतात. पंढरपूर-जेजुरीला देवळाकडे नेणारा रस्ता जसा दुकानांमधून जातो, तसाच इथलाही जातो.

कामिनारीमोनपासून सुरुवात

असाकुसाला भुयारी रेल्वेने यावे. गिंझा मार्गाचा उएनो ते असाकुसा हा टप्पा 30 डिसेंबर 1927 ला सुरू झाला. तो जपानमधला पहिला भुयारी रेल्वेमार्ग. बाहेर पडून चार पावले चालले की कामिनारीमोन. समोरच केंगो कुमा या वास्तुविशारदाने रचलेले पर्यटक माहिती केंद्र आहे. त्याच्या आठव्या मजल्यावरच्या गच्चीत जायला पैसे पडत नाहीत. आधी तिथे चढावे. खाली कामिनारीमोन, त्यामागे दुकानांची सरळ रांग, टोकाला मंदिराचे छप्पर आणि नदीपलीकडे 634 मीटर उंचीचा स्कायट्री मनोरा, असा सगळा नकाशा एका नजरेत समजतो.

खाली उतरले की कामिनारीमोनच्या दोन्ही बाजूंना वारा आणि वीज यांचे देव उभे आहेत. जुने दार 1865 च्या आगीत गेले, ते पंचाण्णव वर्षे पुन्हा उभे राहिले नव्हते. पॅनासॉनिक कंपनीचे संस्थापक कोनोसुके मात्सुशिता आजारातून बरे झाले आणि त्यांनी कृतज्ञतेने ते 1960 मध्ये बांधून दिले. मधला कंदील 3.9 मीटर उंच, सुमारे 700 किलो वजनाचा आणि कागदाचा आहे. दर दहाएक वर्षांनी तो नवा केला जातो. मे महिन्यातल्या सान्जा उत्सवात पालख्यांना वाट मिळावी म्हणून त्याची घडी घालून तो वर उचलतात. जाताना कंदिलाखाली थांबून मान वर करावी. बुडाला कोरलेला ड्रॅगन बहुतेकांच्या नजरेतून निसटतो.

नाकामिसे : उभ्याने खायचा रस्ता

दारातून आत गेले की नाकामिसे लागते. लांबी साधारण 250 मीटर, दुकाने नव्वदच्या आसपास. सतराव्या शतकाच्या अखेरीस मंदिराच्या आवाराची झाडलोट करणाऱ्या आसपासच्या लोकांना तिथे दुकान मांडायची मुभा मिळाली आणि ही पेठ जन्माला आली. 1885 मध्ये सरकारने जुनी दुकाने हटवून विटांची बांधली. ती टोकियोतल्या 1923 च्या मोठ्या भूकंपात पडली. 1925 मध्ये काँक्रीटची आली, 1945 च्या बॉम्बहल्ल्यात ती आतून जळाली आणि पुन्हा सावरली गेली.

इथला पहिला खाऊ निंग्योयाकी. पॅगोडा, कंदील, कबूतर अशा आकारांचे ओतीव लोखंडी साचे असतात. कारागीर त्यात पातळ पीठ ओततो, मध्ये गोड पुरण ठेवतो, साचा मिटतो आणि आचेवर उलटापालटा करतो. पुरण अझुकीचे असते. हे मूग-चवळीच्या कुळातले लाल दाणे आहेत. साचा उघडून बाहेर पडलेली निंग्योयाकी गरम असतानाच खावी, कारण तेव्हाच वरची कड कुरकुरीत लागते. किमुराया होन्तेन हे दुकान 1868 पासून हा खाऊ करते आहे. दुसरा खाऊ कामिनारी-ओकोशी. तांदळाचे फुलवलेले दाणे आणि शेंगदाणे साखरेच्या पाकात बांधून वड्या पाडतात. चिक्की आवडणाऱ्याला ही वडी परकी वाटत नाही. तिसरा किबिदांगो. काडीला लावलेल्या भरडधान्याच्या छोट्या गोळ्या, वर भाजलेल्या सोयाबीनचे पीठ.

नाकामिसेची एक शिस्त पाळायलाच हवी. इथे चालता चालता खात नाहीत. ज्या दुकानातून घेतले, त्याच्यासमोर उभे राहून खायचे, काडी आणि कागद त्यांच्याच डब्यात टाकायचा आणि पुढे निघायचे. रस्त्यावर कचऱ्याचे डबे जवळजवळ नसतात, म्हणून एक रिकामी पिशवी जवळ ठेवावी. गर्दीत कोणाचे कपडे खराब होऊ नयेत आणि देवाच्या वाटेवर उष्टे सांडू नये, एवढाच त्यामागचा विचार.

मंदिर, राखेतून उभे

होझोमोनच्या मागच्या बाजूला गवताच्या दोन प्रचंड चपला टांगलेल्या आहेत. लांबी 4.5 मीटर. यामागाता प्रांतातल्या मुरायामा गावचे लोक दर दहाएक वर्षांनी नवी जोडी विणून अर्पण करतात. एवढ्या मोठ्या चपला घालणारा राखणदार इथे आहे म्हटल्यावर दुष्ट शक्ती आत येणार नाहीत, अशी समजूत. पुढे उदबत्त्यांचे मोठे धातूचे पात्र आहे. लोक धूर ओंजळीने स्वतःकडे ओढतात आणि दुखऱ्या गुडघ्यावर, खांद्यावर, डोक्यावर फिरवतात.

शेजारी चिठ्ठीने भविष्य पाहायची सोय आहे. शंभर येन टाकायचे, डबी हलवून काडी काढायची, काडीवरच्या आकड्याचा खण उघडून चिठ्ठी घ्यायची. सेन्सोजीतल्या शंभर चिठ्ठ्यांपैकी तीस अशुभ आहेत. जुना संच त्यांनी तसाच ठेवला आहे, गिऱ्हाईक खूश व्हावे म्हणून प्रमाण बदललेले नाही. अशुभ चिठ्ठी आली तर ती तिथल्या दांडीला बांधायची आणि मोकळ्या मनाने निघायचे.

10 मार्च 1945 च्या रात्री अमेरिकन विमानांनी पूर्व टोकियोवर आगीचे बॉम्ब टाकले. एका रात्रीत सुमारे एक लाख माणसे मेली. 1923 च्या भूकंपातून वाचलेले सेन्सोजीचे मुख्य मंदिर त्या रात्री जळून गेले. आवारात आजही काही गिंको वृक्ष उभे आहेत, ज्यांच्या खोडांवर त्या आगीचे काळे डाग आणि पोकळ्या दिसतात, आणि वरच्या फांद्यांना दरवर्षी नवी पाने येतात. या झाडांपाशी थोडा वेळ थांबावे. 1958 च्या काँक्रीटच्या मंदिराबद्दल कुरकूर करण्याआधी हे खोड पाहिलेले बरे.

आगीतून वाचलेल्या वास्तूंपैकी दोन पाहाव्यात. एक, पूर्वेकडचे नितेनमोन दार, 1618 चे. दुसरी, शेजारचे असाकुसा देवस्थान, जे 1649 मध्ये शोगुन इएमित्सु याने बांधून घेतले. इथे पुजले जातात ते कथेतले दोघे कोळी भाऊ आणि मुखिया. कन्नोनचे बौद्ध मंदिर आणि ती शोधणाऱ्या माणसांचे शिंतो देवस्थान एकमेकांना लागून आहेत. मे महिन्याच्या तिसऱ्या शनिवार-रविवारी या तिघांचा सान्जा उत्सव होतो. गल्लोगल्लीच्या मिळून सुमारे शंभर पालख्या निघतात आणि लाखोंची गर्दी होते. इतर महत्त्वाच्या तारखाही ध्यानात ठेवाव्यात. 9 आणि 10 जुलैला कंदिलासारख्या केशरी फळांच्या होझुकी रोपांचा बाजार भरतो. त्या वेळी केलेले दर्शन 46,000 दिवसांच्या दर्शनाइतके पुण्य देते, अशी श्रद्धा आहे. 17 ते 19 डिसेंबरला नक्षीदार लाकडी बॅटींचा हागोइता बाजार असतो.

मुळा आवडणारा गणपती

बहुतेक प्रवासी इथून मागे फिरतात. मराठी माणसाने फिरू नये. नदीच्या बाजूने उत्तरेला दहा-पंधरा मिनिटे चालले की एका छोट्या टेकाडावर मात्सुचियामा शोदेन हे सेन्सोजीच्या परिवारातले मंदिर लागते. इथला देव कांगितेन, म्हणजे विनायक. आपला गजमुख देव तांत्रिक बौद्ध परंपरेबरोबर चीनमार्गे जपानला गेला आणि तिथे एकमेकांना आलिंगन दिलेल्या दोन गजमुख मूर्तींच्या रूपात पुजला जाऊ लागला. मूर्ती इथेही झाकलेलीच असते. पण देव कोणता हे सांगणाऱ्या दोन खुणा सगळीकडे कोरलेल्या दिसतात. एक खूण पैशाच्या बटव्याची, ती व्यापारातल्या भरभराटीसाठी. दुसरी मुळ्यांच्या जोडीची, ती निरोगी देहासाठी आणि घरातल्या सलोख्यासाठी.

नैवेद्यही मुळ्याचाच. मंदिरातच पांढरेशुभ्र, जाडजूड दायकोन मुळे मिळतात. भाविक एक घेतो, दोन्ही हातांनी वेदीवर ठेवतो आणि प्रार्थना करतो. देवापुढचे मुळे नंतर प्रसाद म्हणून लोकांना दिले जातात आणि ते घरी नेऊन शिजवले जातात. 7 जानेवारीला मुळ्याचा उत्सव असतो. त्या दिवशी मऊ शिजवलेल्या मुळ्याच्या जाड चकत्या मिसोच्या चटणीबरोबर आलेल्या भाविकांना वाढतात. भारतातल्या काही प्राचीन गणेशमूर्तींच्या हातातही मुळा दिसतो. आपल्याकडे मोदकाने त्याची जागा घेतली, इथे तो टिकला. टेकाडाच्या पायथ्याजवळ शोतारो इकेनामी या लोकप्रिय कादंबरीकाराच्या जन्मस्थानाचा दगड आहे. एदो काळातल्या नायकांना तो अशा मनापासून जेवायला बसवायचा की वाचकांना भूक लागायची.

सात जिनसांचा मसाला आणि गोव्यावरून आलेली जहाजे

परत आल्यावर शिन-नाकामिसे या छपराच्या बाजारात यागेनबोरी हे मसाल्याचे दुकान शोधावे. 1625 मध्ये एदोतल्या वैद्य-औषधविक्रेत्यांच्या यागेनबोरी वस्तीत सुरू झालेली ही पेढी. तिची ख्याती शिचिमी, म्हणजे सात जिनसांच्या मसाल्यासाठी. लाल मिरची, भाजलेली मिरची, काळे तीळ, खसखस, भांगेच्या बिया, संत्र्याच्या जातीच्या फळाची वाळवलेली साल आणि सान्शो. गिऱ्हाईकासमोर प्रत्येक जिन्नस लाकडी चमच्याने मोजून मिसळतात. तिखट जास्त हवे की सुवास, हे सांगायचे आणि तसे प्रमाण धरले जाते. सान्शो तोंडात टाकला की लिंबासारखा वास येतो आणि जीभ झिणझिणते. कोकणी-गोवेकर माणूस ही झिणझिण लगेच ओळखेल. सान्शो आणि बांगड्याच्या आमटीतले तिरफळ एकाच कुळातले आहेत.

मिरची जपानची नव्हे. ती मूळ अमेरिकेची, पोर्तुगीजांनी जगभर नेली. जपानलाही ती त्यांच्याकडूनच आली असे बरेच जण मानतात. सोळाव्या शतकात पोर्तुगीज जहाजे गोव्याहून निघून मलाक्का, मकाऊ करत नागासाकीला जायची. फ्रान्सिस झेवियर गोव्याहून निघून 1549 मध्ये जपानला उतरला तो साधारण याच समुद्रवाटेने. निंग्योयाकीचे अंडे-साखरेचे पीठ ज्या कास्तेला केकच्या जातीचे, तो केक पोर्तुगीजांकडून आला. पिठात बुडवून तळायचा तेम्पुराही त्यांच्याकडूनच आल्याचे सर्वसाधारणपणे मानले जाते. एदोच्या रस्त्यावर तो गरिबांचा खाऊ झाला. मंदिराजवळच्या दायकोकुयात, जे 1887 चे, कोळंबीचा तेम्पुरा तिळाच्या तेलात गडद तळून, गोडसर रसात बुडवून गरम भातावर ठेवतात. अस्सल जपानी म्हणून आपण जे खातो त्यातल्या बऱ्याच गोष्टी बंदरांतून आल्या, आणि त्या वाटेवर गोवा होता.

बसून जेवायचे असेल तर

सर्वांत जुन्या जेवणघरांपैकी कोमाकाता दोजो 1801 पासून चालू आहे. चिखलात राहणारा बोटाएवढा दोजो मासा साकेत भिजवून, मिसोच्या रश्शात शिजवून, उथळ लोखंडी तव्यात रचून कोळशाच्या शेगडीवर समोर आणतात. वर मूठभर चिरलेली कांद्याची पात घालायची, ती नरम झाली की खायचे. मांडी घालून जमिनीवर बसायचे, पुढ्यात एक लांब फळी. कष्टकऱ्यांचे हे स्वस्त, पौष्टिक जेवण दोनशे वर्षांत फारसे बदललेले नाही. सोबा, म्हणजे कुट्टूच्या पिठाच्या शेवया, हव्या असतील तर 1913 चे नामिकी याबुसोबा. मांस खाणाऱ्यांना 1895 पासूनचे इमाहान सुकियाकीसाठी सांगतात. ओनिगिरी यादोरोकु हे 1954 चे छोटेसे दुकान टोकियोतले सर्वांत जुने ओनिगिरीगृह मानले जाते. भाताचा मऊ मुटका, आत आंबट उमेबोशी, बाहेर समुद्री शेवाळ्याची कुरकुरीत चादर. चादरीसारखे वाळवलेले हे शेवाळे असाकुसा नोरी या नावानेच एदोत प्रसिद्ध झाले होते.

शाकाहारी माणसाने एक गोष्ट नीट समजून घ्यावी. जपानी रसाचा पाया असलेल्या दाशीत बहुधा वाळवलेल्या बोनिटो माशाचा अर्क असतो. भाज्यांच्या सोब्यातही तो असतो, म्हणून 'मांस नाही' एवढ्या उत्तरावर विसंबू नये, दाशीबद्दल वेगळे विचारावे. गोडात मात्र चिंता कमी. 1854 च्या उमेझोनोत भरडधान्याच्या लुसलुशीत मोचीवर गरम अझुकीचे पुरण घालून देतात. फुनावाच्या रताळ्याच्या वड्या म्हणजे रताळे, साखर आणि मीठ, एवढेच. त्या उपासाच्या रताळ्याची आठवण करून देतात.

पश्चिमेकडे

मंदिराच्या पश्चिमेला रोक्कु, म्हणजे जुना करमणुकीचा भाग. 1890 मध्ये इथे रिओउनकाकु हा बारा मजली मनोरा उभा राहिला, जपानमधले पहिले विजेचे उद्वाहक त्यात होते. 1923 च्या भूकंपात तो मोडला. 1903 मध्ये देशातले पहिले कायमचे चित्रपटगृह इथेच सुरू झाले. आजही असाकुसा एंगेई हॉलमध्ये राकुगो, म्हणजे एकट्याने गोष्ट सांगण्याचा खेळ, रोज रंगतो. जवळचे हानायाशिकी 1853 मध्ये फुलबाग म्हणून सुरू झाले आणि आज ते देशातले सर्वांत जुने करमणूक उद्यान आहे. शेजारच्या हॉप्पी गल्लीत संध्याकाळी रस्त्यावरच्या बाकांवर रटरटणारे मांसाचे रस्से आणि हॉप्पी मिळते. बिअर परवडत नसे अशा काळात, 1948 मध्ये, बाजारात आलेले हे पेय शोचू या दारूत मिसळून पितात.

आणखी दहा मिनिटे पश्चिमेला चालले की काप्पाबाशी लागते. सुमारे 800 मीटरच्या रस्त्यावर भांडी, सुऱ्या, चुली, पाट्या अशा खानावळीच्या सामानाची 170 च्या आसपास दुकाने आहेत. खानावळीबाहेर काचेआड दिसणारे हुबेहूब नकली पदार्थही इथेच विकत मिळतात. घरी न्यायला सुरी घ्यायची असेल तर इथून घ्यावी. विकणारा धार, पोलाद आणि निगा यांविषयी मन लावून सांगतो.

फेरी संपवायला नदीकडे परतावे. कोपऱ्यावरचा कामिया बार 1880 मध्ये देनबेई कामिया याने सुरू केला. सध्याची इमारत 1921 ची, भूकंप आणि युद्ध दोन्ही झेललेली. इथले देन्की ब्रान हे पेय 1882 पासूनचे. ब्रँडी, जिन, वाइन आणि वनौषधी एकत्र करून केलेले. वीज नवी होती, तेव्हा नव्या गोष्टीला विजेचे नाव देण्याची हौस होती, म्हणून हे नाव. त्यासोबत थंड बिअरचा घोट घेण्याची इथली पद्धत आहे.

ही सगळी वाट मिळून चारेक किलोमीटरची आहे, पण तिला अर्धा दिवस पुरत नाही. मंदिर उन्हाळ्यात सकाळी सहाला, हिवाळ्यात साडेसहाला उघडते, तेव्हाच यावे. त्या वेळी दुकानांचे दरवाजे बंद असतात, त्यावरची चित्रे दिसतात आणि आसपासचे लोक देवाला नमस्कार करून कामाला निघालेले असतात. नऊ-दहानंतर दुकाने उघडतील, तसे खाणे सुरू करावे. टोकियोच्या सहलीच्या वेळापत्रकात असाकुसाला बहुधा दोन तास मिळतात. त्या दोन तासांत फक्त कामिनारीमोनचा फोटो निघतो. या वस्तीला सकाळपासून रात्रीपर्यंत एक पूर्ण दिवस द्यावा, आणि त्यातला तासभर तरी मुळ्याच्या गणपतीसाठी राखून ठेवावा.